राजाला पोचवायला आलेला म्हातारा

नोकरीत असताना काय करत होता, असं कुणी विचारलं की मी "शिकवत होते" एवढं सांगून सुटका करून घेते. समोरचा माणूस चिकट असला तर पुढचा प्रश्न येतोच, कोणता विषय? तिथं माझी पंचाईत होते. माझा विषय म्हणजे पुस्तकांवरची पुस्तकं.

बायबलच्या जुन्या करारात, म्हणजे यहुदी लोकांच्या मूळ हिब्रू शास्त्रात, इतिहासाची पुस्तकं आहेत. यहोशवा, शास्ते, शमुवेल, राजे. लढाया, भाऊबंदकी, दुष्काळ, बापलेकांची भांडणं, सगळं त्यात आहे. त्यावर विद्वान मंडळी शेकडो वर्षं भाष्यं लिहीत आली. ती भाष्यं कशी वाचायची, त्यातलं काय उचलायचं आणि काय तिथंच ठेवून यायचं, हे मी गोंदिया जिल्ह्यातल्या प्रचारकांना शिकवलं. प्रचारक म्हणजे पगारी पाळक नव्हेत. आठवडाभर शेती, मजुरी, दुकान करायचं आणि रविवारी आपल्या गावच्या मंडळीसमोर उभं राहून वचन सांगायचं, अशी ती माणसं. मंडळीही कसली, पंधरावीस डोकी, त्यात निम्मी पोरं.

मला हिब्रू येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर लोक उगाच हात जोडतात. माझ्याकडे होती इंग्रजी आणि हिंदी भाष्यं, आणि मराठीतली थोडी. ती पिशवीत भरून मी एसटीनं फिरायचे. एकदा कोहमाऱ्याच्या स्टॉपवर कंडक्टरनं मदत करायला म्हणून पिशवी उचलली आणि तसाच वाकून राहिला. "मॅडमजी, ईंटा भरके ले जा रहे क्या?" मी म्हटलं, विटाच आहेत, घर बांधते आहे. त्यानंतर तो माणूस दर वेळी "घर कितना हुआ?" विचारायचा.

आता भाष्य लागतंच कशाला, हाही प्रश्न रास्त आहे. एक उदाहरण देते. शमुवेल संदेष्टा गव्हाच्या कापणीच्या दिवसांत प्रार्थना करतो, ढग गडगडतात, पाऊस येतो आणि लोक भीतीनं थरथरतात. आमच्याकडे हे वाचलं की लोक एकमेकांकडे बघायचे. धान कापून बांध्यांत पडलं की आमच्याकडे पाऊस हमखास येतो, त्यात थरथरण्यासारखं काय? भाष्य सांगतं की त्या मुलखात कापणीच्या दिवसांत थेंब पडत नाही. एवढं एक वाक्य कळलं की गोष्ट उभी राहते. भाष्याचं काम एवढंच. त्यानं दार उघडावं आणि बाजूला व्हावं.

पण ते बाजूला होत नाही, हीच खरी अडचण. मुर्रीला हिरालालजी नावाचे प्रचारक होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, हौशी माणूस. त्यांना भाष्यांची अशी चटक लागली की यहोशवाच्या गोष्टीतली यरीहो नगराची भिंत पडायच्या आत तास संपायचा. हे साहेब असं म्हणतात, ते साहेब तसं म्हणतात, आणि एका साहेबांना तर भिंतीबद्दलच शंका आहे. एका रविवारी मी तिथं बसले होते. शेवटी प्रार्थनेसाठी विषय मागितले तेव्हा एक आजी उठल्या आणि अगदी कळवळून म्हणाल्या, "परमेश्वरा, त्या शंकावाल्या सायबाले शांती दे. लय दिवसापासून बिचारा त्रासात दिसून राहिला." तो साहेब जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली असतील. हिरालालजींनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं, आणि सगळ्यांनी मिळून "आमेन" म्हटलं. आपल्यासाठी इतक्या दूरच्या गावात कुणी प्रार्थना करेल, असं त्या साहेबाच्या स्वप्नातही आलं नसेल.

तेव्हापासून मी एक नियम केला. आधी गोष्ट, मग भाष्य. उतारा वाचायचा आणि पुस्तक मिटायचं. मग ज्या घरी सभा असेल त्या घरच्या कुणीतरी ती गोष्ट आपल्या बोलीत परत सांगायची, झाडीबोलीत, पोवारीत, छत्तीसगढीत, जशी येईल तशी. सांगणारा काय गाळतो, काय पदरचं घालतो, कुठे अडतो, हे मी ऐकत बसायचे. माणूस जिथं अडतो तिथलंच भाष्य मग काढायचं. वर्गात या रीतीला आम्ही "परत सांगणं" म्हणत असू. ही रीत मी कुठल्या ग्रंथात वाचलेली नाही आणि तिचा मला जरा जास्तच अभिमान आहे.

या रीतीनं एकदा मला चांगलंच खाली बसवलं. तेच सांगायला हा लेख लिहायला घेतला आहे.

सालेकशाकडच्या एका गावात पतिरामबाबा राहायचे. थोडी धानाची शेती, उन्हाळ्यात तेंदूपत्ता, आणि गळा असा की भजनाची पहिली ओळ त्यांनी उचलली की बाहेर रस्त्यावरचा माणूस थांबायचा. वर्षानुवर्षं माझ्या वर्गाला यायचे. पुढे त्यांचे कान गेले. आधी एक, मग दुसरा. कानाबरोबर गाणं गेलं, कारण आपला सूर कुठे चाललाय हे त्यांना कळेना. मग त्यांची बायको, सगुणाबाई, गेली. बाबा घरात एकटे उरले. त्यांचा एकुलता एक मुलगा विनय पुण्याला एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर होता. बायकोमुलं तिथंच.

सगुणाबाईंना वर्ष होत आलं तेव्हा स्मरणाची उपासना ठरली आणि वचन सांगायला मला बोलावणं आलं. उपासनेच्या आधी मला दोन फोन आले.

पहिला विनयचा. "बाई, बाबांना आता एकटं ठेवणं शक्य नाही. चूल पेटती ठेवून झोपले होते, शेजारच्या भागरतानं धूर बघितला म्हणून बरं. ती दारावर ओरडत होती आणि यांना पत्ता नाही. मी त्यांना न्यायलाच येतोय. तुमचं ते ऐकतात. तुम्ही त्या दिवशी रूथची गोष्ट घ्या ना. आपलं गाव सोडून माणूस माणसाबरोबर निघतं, ती."

दुसरा फोन भागरताच्या मोबाइलवरून. पलीकडून बाबा असे ओरडले की मी फोन हातभर लांब धरला. "बाई, जय मसीह! बर्जिल्लयचा अध्याय घेजा! दुसरा नोको!" आणि माझं उत्तर ऐकू येणार नाहीच, हे माहीत असल्यामुळे त्यांनी फोन भागरताला देऊन टाकला.

बर्जिल्लय कोण, ते सांगते. दावीद राजावर त्याचा मुलगा अबशालोम उलटतो. राजा जीव घेऊन यार्देन नदीच्या पलीकडे पळतो. तिथं बर्जिल्लय नावाचा एक ऐंशी वर्षांचा म्हातारा त्याला आणि त्याच्या माणसांना अंथरूण, भांडी, धान्य, दही असं सगळं पुरवतो. बंड मोडतं, राजा परत निघतो आणि म्हाताऱ्याला म्हणतो, माझ्याबरोबर यरुशलेमला चल, मी तुझा सांभाळ करीन. म्हातारा नाही म्हणतो. एवढीच गोष्ट.

म्हणजे बापलेकांनी आपापला उतारा निवडून ठेवला होता. दोघांनाही भाष्य नको होतं, वकील हवा होता. घर बाबांचं, बायको बाबांची, म्हणून मी बाबांचा उतारा घेतला. पण विनयला सांगून टाकलं की मी बाजू कुणाचीच घेणार नाही. खरं सांगायचं तर मनातून मी विनयच्या बाजूची होते. पेटत्या चुलीपुढे कोणतं भाष्य टिकणार?

तयारी करताना भाष्यंही माझ्या मदतीला धावून आली. एक म्हणत होतं की बर्जिल्लय शहाणा, आपली मर्यादा ओळखणारा. दुसऱ्याला म्हाताऱ्याचा संशय. वय हे निमित्त, खरं कारण असं की बंडाची राख अजून गरम आहे आणि अशा वेळी राजधानीपासून लांब राहिलेलं बरं. तिसरं म्हणत होतं की मोठ्याचा मान नाकारायची ती सभ्य रीत होती. मी दुसऱ्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली. म्हातारी माणसं देतात ती कारणं खरी नसतात, असं काहीतरी हळूच सुचवायचं, असा माझा बेत होता.

उपासना दुपारी होती. अंगणात ताडपत्री बांधली होती, मागे भाताचं मोठं गंज चुलीवर. भागरताच सगळं बघत होती. विनय आदल्या दिवशी पोचला होता. तो आता पुण्याची मराठी बोलत होता, अगदी स्वच्छ, जपून. बाबांशी बोलताना मात्र त्याला ओरडावं लागायचं, आणि पुण्याची मराठी ओरडून बोलली की भांडल्यासारखी वाटते.

मी उतारा वाचला. पुस्तक मिटलं. बाबांना ऐकू आलं नव्हतं, पण अध्याय त्यांना पाठच होता. भागरतानं खूण केल्यावर ते उठून उभे राहिले आणि सांगू लागले.

"दावीद राजा होता. त्याचा पोरगाच त्याच्यावर उलटला. राजा पराला, नदीच्या पल्याड गेला. उपाशी, तहानेला. मंग ह्या बुढ्यान त्याले अंथरून देल्लन, गहू देल्लन, दही देल्लन. पुढं राजा जिकला. म्हने, चाल माह्या संग, मी पोसतो तुले. बुढा म्हने, राजा, मी आता येऊन कायले? तुह्या घरचं गोडधोड खाल्लं तं मले चव समजन का? तुह्या घरी गानारे गायतीन, तं मले..."

इथं ते थांबले. मंडळीतल्या सगळ्यांनी त्यांचं गाणं ऐकलेलं होतं. बाबांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि पुढचं जरा घाईनंच सांगितलं. "तं मले आयकू येईन का? मी तुले ओझं कायले होऊ? मले जाऊ दे. माह्या मायबापाच्या, माह्या बायकोच्या कबरीपाशी मरू दे."

शास्त्रात फक्त आईबापांची कबर आहे. बायको बाबांनी पदरची घातली. माझी पेन्सिलीची रेघ मला त्या क्षणी नकोशी झाली. ही कारणं खरी नसतात, असं सांगायला मी निघाले होते. समोर उभ्या असलेल्या माणसाचं एकही कारण खोटं नव्हतं.

बाबा पुढे म्हणाले, "आन म्हने, हा किम्हाम हाय. याले ने. याचं जे चांगलं करता येईन ते कर." आणि ते खाली बसले.

रीतीप्रमाणे मी विचारलं, कुणी कुठे अडलं का? विनयच बोलला. "बाई, हा किम्हाम कोण?"

हा प्रश्न एरवी कुणी विचारत नाही. किम्हाम येतो आणि राजाच्या मागं निघून जातो, त्याच्या तोंडी एक शब्द नाही. मी सांगितलं की शास्त्रात तो कोण हे लिहिलेलं नाही. पण पुढं दावीद मरायला टेकतो तेव्हा आपल्या मुलाला बजावतो की बर्जिल्लयच्या मुलांना अंतर देऊ नको. त्यावरून भाष्यकार म्हणतात की किम्हाम त्याचा मुलगा असावा. असावा, एवढंच. नक्की कुणालाच माहीत नाही.

काय विचारलं, म्हणून बाबांनी भागरताला खुणेनं विचारलं. तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "किम्हाम कोन होता म्हनते विनयभाऊ! पोरगा होता का म्हनते!"

"मंग?" बाबा म्हणाले. "पोरगाच असन. दुसऱ्याच्या पोराले 'ने' म्हनाचा हक कोनाले हाय?" आणि मग विनयकडे वळून, "तो पोट्टा बापाले टाकून नाई गेला. बापान धाडलन त्याले."

विनय उठून उभा राहिला. मला वाटलं, हा आता बाहेर जाणार. तो तिथंच उभा राहून म्हणाला, "मग मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तुम्ही स्टेशनवर का नाही आलात?" हळू म्हणाला, म्हणून बाबांना कळलं नाही. मग तो ओरडला. "बाबा! तुम्ही स्टेशनवर काऊन नव्हते आले? आई एकटीच आली होती!"

इतकी वर्षं हा मुलगा समजत होता की बाप रागावला. आपण त्याला टाकून गेलो म्हणून. दर महिन्याला पैसे पाठवणं, दर सुट्टीला "पुण्याला चला" म्हणून मागं लागणं, रूथची गोष्ट घ्या म्हणून मला फोन करणं, सगळं त्या एका स्टेशनवरून आलेलं होतं. त्याला बापाला न्यायचं होतं, कारण आपण बापाला टाकलं नाही हे त्याला स्वतःला पटवायचं होतं. हे मला तेव्हा कळलं, भाष्यात रेघा मारताना कळलं नव्हतं.

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. "आलो असतो तं," ते म्हणाले, "तुले गाडीत बसू देल्लं नसतं मी."

त्या दिवशी मी वचन सांगितलं नाही. सांगायला काही उरलंच नव्हतं. भागरतानं पानं मांडली आणि आम्ही जेवलो.

पुण्याचा विषय विनयनं पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं भागरताशी आणि तिच्या नवऱ्याशी बोलून ठरवून टाकलं की बाबांची चूल बंद, दोन्ही वेळचं जेवण भागरताकडे, आणि रात्री तिचा नवरा बाबांच्या ओसरीवर झोपेल. बाबांनी कुरकुर केली. विनयनं ऐकलं नाही. राजानं ऐकलं नाही तर काय करायचं, याबद्दल बर्जिल्लयनं काही सांगून ठेवलेलं नाही.

हे बरोबर झालं का? बाबा त्यानंतर जगले, बरे जगले, आणि एका कापणीच्या दिवसांत सकाळी उठलेच नाहीत. विनय पोचेपर्यंत आम्ही थांबलो होतो. माती देऊन परत येताना त्यानं मला विचारलं, "बाई, मी त्यांना नेलं असतं तर अजून राहिले असते का?" मी म्हटलं, माहीत नाही. भाष्यं वाचत आयुष्य काढल्यावर हे दोन शब्द तरी मला न अडखळता म्हणता येतात. पण त्याचा चेहरा पाहून वाटलं की आज खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. त्याचं वाईट मला अजून वाटतं.

आता वर्ग बंद झाले. प्रचारकांच्या मोबाइलमध्येच सगळी भाष्यं आली आहेत, माझ्या विटा कुणाला उचलाव्या लागत नाहीत. पोरं भरभर वाचून दाखवतात, आणि चांगलं सांगतात, तक्रार नाही. पण परत सांगायला थांबायला कुणाला वेळ नाही. मी मधूनमधून शमुवेलाच्या पुस्तकातला बर्जिल्लयचा तो अध्याय काढते. किम्हामबद्दल अजून कुणी फारसं लिहिलेलं नाही. वाचते आणि मला दर वेळी उपासनेच्या दुसऱ्या दिवशीची ती सकाळ आठवते.

विनयला आमगावहून गाडी पकडायची होती. मलाही तिथून गोंदियाची बस घ्यायची होती, म्हणून एकच ऑटो सांगितला होता. आम्ही बसतो तोच बाबा धुतलेला सदरा, पांढरी टोपी घालून आले आणि विनयच्या शेजारी चढून बसले.

"बाबा, कुठं?" मी ओरडून विचारलं.

"नदीपल्याड," ते म्हणाले. "बर्जिल्लय बी गेलता ना, थोडासाक."

हे खरं आहे. राजाबरोबर येत नाही म्हणणारा तो म्हातारा, यार्देनेपलीकडे थोडं अंतर मात्र राजाबरोबर येतो म्हणतो आणि जातो. ऐंशीच्या वयात नदी ओलांडायची काय गरज होती, असं भाष्यकारांनाही वाटलं आहे. आपल्याकडे पाहुण्याला शिवेपर्यंत पोचवतात तशीच ती रीत असावी, असं एकानं लिहिलं आहे. मी विनयला ते सांगितलं. तो बाहेर बघत म्हणाला, "मी काय पाहुणा आहे का?" बाबांना ते ऐकू गेलं की नाही, मला सांगता येणार नाही.

भागरताचा नवरा मोटारसायकल घेऊन मागून येत होता, बाबांना परत न्यायला. नदीवरचा पूल ओलांडला आणि बाबांनी ऑटोवाल्याच्या खांद्यावर थाप मारली. आम्ही उतरलो. बाजूनं ट्रक जात होते, पुलाचे कठडे हादरत होते.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, इथं आल्यावर राजान काय केलन?"

मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "त्याचा मुका घेतला! आणि त्याला आशीर्वाद दिला! मग म्हातारा आपल्या घरी गेला!"

बाबांनी टोपी काढली आणि विनयपुढं मान खाली घातली.

विनय एक पाऊल मागं सरला. आपल्याकडे मोठ्यांनी लहानांच्या डोक्यावर हात ठेवायचा असतो, उलट नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. बाबा वाकलेलेच होते, डोक्यावरचे विरळ पांढरे केस वाऱ्यानं उडत होते. मग विनय पुढं झाला. त्यानं बापाच्या कपाळाचा मुका घेतला, डोक्यावर हात ठेवला आणि तोंड त्यांच्या कानाशी नेऊन, बाबांना ऐकू जावं म्हणून, ट्रकांच्या आवाजावरून ओरडून प्रार्थना केली.

"परमेश्वरा! माह्या बाबाले सांभाळ! मी अथी राहत नाई! तू राह्यजो!"

आणि बाबांनी, वाकल्या वाकल्याच, त्याच्याहून मोठ्यानं "आमेन" म्हटलं.